काढलेली गाठ गेली कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला तीळ आणि त्वचेच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. दोनदा वाचला खरं तर, मी प्रूफं तपासायचं काम करते त्यामुळे एकदा वाचून माझं समाधानच होत नाही. लेख चांगलाय. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात दोनतीन रंग, आकार ६ मिलिमीटरच्या वर आणि दिवसेंदिवस बदलत जाणं, ही जी पाच लक्षणं दिलीत त्यातली पहिली चार १९८५ पासून शिकवली जातात, पाचवं नंतर जोडलं गेलं, आणि त्याने कितीतरी लोक वेळेत डॉक्टरकडे पोचलेत. पण शेवटी 'यातलं काही नसेल तर निर्धास्त राहा' असं जे वाक्य टाकलंय ना, तिथे माझं पेन अडलं. कारण माझ्या खांद्यावर जे निघालं ते तीळ नव्हतंच, काळं नव्हतं, दुखत नव्हतं, रक्त नाही, खाज नाही, आणि वाढायचं इतकं हळू की रोज आरशात बघणाऱ्या माणसाला वाढ म्हणून कळू नये.

शर्टाच्या बटणाएवढा कडक, जरा लालसर उंचवटा होता. हाताला असा लागायचा की कातडीखाली कोणी रबराचं बटण शिवून ठेवलंय. तीनेक वर्षं मी लक्षच दिलं नाही, मग खांद्याला पर्सचा पट्टा घासायला लागला तेव्हा दाखवलं. डॉक्टर म्हणाले केलॉइड, म्हणजे जखमेचा व्रण नको तेवढा वाढतो तो. मी म्हटलं इथे जखम कधी झालीच नाही. ते म्हणाले लहानपणी पुळी फुटली असेल, आठवत नसेल. पटलं मला, लहानपणच्या पुळ्या कोण लक्षात ठेवतं? मग त्या गाठीतच स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, महिन्या-महिन्याच्या अंतराने चार, प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी यायचं कारण गाठ इतकी घट्ट की औषध आत शिरायलाच तयार नाही, आणि एवढं होऊन गाठ ढिम्म. शेवटी कापून टाकायचं ठरलं. लोकल भूल, वीस मिनिटं, पाच टाके. तो तुकडा मी स्वतः बघितला, स्टीलच्या ट्रेमध्ये पडला होता, पांढरट, चिवट, कडेला थोडी पिवळी चरबी. मी विचारलं हे तपासायला पाठवायचं का, तर म्हणाले कशाला, साधी गाठ आहे, उगाच खर्च. आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. रिपोर्टची वाट बघायला नको, मधल्या आठवड्यात जीव टांगणीला लागायला नको. नर्सने ट्रे उचलला आणि ती निघून गेली.

दीड वर्षाने त्याच टाक्यांच्या रेषेला लागून तीन नवे उंचवटे आले.

या वेळी गेले ते त्वचारोगतज्ज्ञांकडे. त्यांनी आधी बोटांच्या चिमटीत धरून दाबून बघितलं, ज्या साध्या गाठीशी हिचा घोळ होतो ती दोन्ही बाजूंनी दाबली की बहुतेक वेळा मधे खळी पडते म्हणे, माझी पडली नाही, पण नुसत्या त्यावरून काही ठरवत नाही म्हणाले. मग दिव्याचं भिंग लावलं, डर्मोस्कोप, ते साधारण दहा पट मोठं दाखवतं आणि कातडीवरची चमक कापून आतलं दाखवतं. आणि मग भिंग बाजूला ठेवून विचारलं, पहिल्या वेळचा रिपोर्ट कुठाय? मी गप्प. रिपोर्ट नाही म्हटल्यावर ते रागावले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले, बरं, म्हणजे पहिल्यापासून सुरू करूया.

संपादक महोदय, माझं पत्र खरं म्हणजे या एवढ्याच गोष्टीसाठी आहे. पहिल्या डॉक्टरांना गाठ ओळखू आली नाही याबद्दल माझी तक्रार नाही, ही गाठ अतिशय दुर्मिळ आहे, कोणालाही केलॉइडच वाटली असती. तक्रार आहे ती ओळखायची एकमेव खात्रीची वस्तू हातात असताना ती फेकून दिली याची.

बायोप्सी झाली. चार मिलिमीटरचा गोल पंच, म्हणजे पोकळ गोल पात्याने काढलेला तुकडा, भूल दिल्यावर नुसता दाब जाणवतो, दोन टाके. त्यांनी मुद्दाम खोल घेतला, खालच्या चरबीपर्यंत, कारण वरवरचा तुकडा घेतला तर याच गाठीत रिपोर्ट 'साधा व्रण' असा येऊ शकतो. हे मला आधी माहितीच नव्हतं. माझा समज होता बायोप्सी म्हणजे बायोप्सी, तुकडा घेतला की झालं. पण कुठून घेतला, किती खोल घेतला, सोबतच्या फॉर्मवर काय लिहिलं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. माझ्या फॉर्मवर त्यांनी दहा ओळी लिहिल्या, किती वर्षांपासून आहे, आधी काय समजून काय केलं, परत कधी आली, त्यांच्या मनात कुठल्या तीन शंका आहेत. मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाला पेशंट दिसत नाही, त्याला हा कागदच दिसतो.

रिपोर्ट आला डरमॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. हा शब्द मी आता न अडखळता लिहू शकते, तेव्हा टाइप करतानाही बोटं चुकत होती. सार्कोमा म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार, ते वाचल्यावर पोटात गोळा आलाच. पेशी चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरलेल्या, चरबीत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पसरलेल्या, आणि सीडी-३४ नावाच्या तपासणीत रंग धरलेला, असं सगळं त्यात होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं, की ही गाठ शरीरात दुसरीकडे जायचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, त्यामुळे जिवावरची गोष्ट सहसा नसते, पण जिथे आहे तिथे ती महाचिवट. वर दिसते बटणाएवढी आणि खाली तिची बोटं कुठल्या कुठे गेलेली असतात. वरचं कापलं की बोटं मागे राहतात आणि ती परत वर येते, म्हणजे माझं जे झालं ते पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच झालं. हिचं कारणही सापडलेलंय, १७ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांना चुकीचे जोडले जातात आणि त्या पेशींना 'वाढा, वाढा' असा निरोप सतत मिळत राहतो. हे १९९७ साली कळलं आणि त्यामुळेच रक्ताच्या एका कॅन्सरसाठी आलेली इमॅटिनिब नावाची गोळी या गाठीवरही चालते असं दिसलं, ऑपरेशन शक्य नसेल तर २००६ पासून ती देतात. मला लागली नाही. पण बघा, नाव बरोबर कळलं म्हणून औषध कळलं. केलॉइडवर जन्मभर स्टिरॉइड टोचत बसले असते तर इमॅटिनिब कोणाच्या डोक्यात आलं असतं?

ऑपरेशनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर मराठीत मला फारसं काही वाचायला मिळालं नाही आणि त्या दिवसांत मी रात्र रात्र शोधत होते. जुनी पद्धत अशी की गाठीच्या चहूबाजूंनी दोनतीन सेंटिमीटर चांगली कातडी धरून, खाली स्नायूवरच्या पडद्यापर्यंत, सगळं काढायचं. दुसरी पद्धत मोज सर्जरी. फ्रेडरिक मोज नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३०च्या दशकात ती सुरू केली, तेव्हा ते झिंक क्लोराइडचा लेप लावून गाठ जागेवरच घट्ट करायचे आणि मग थर थर काढायचे, आता लेप नसतो. यात गाठ काढली की तिच्या खालची आणि कडेची पूर्ण कातरलेली बाजू मायक्रोस्कोपखाली बघतात. नेहमीच्या तपासणीत गाठीचे उभे काप करतात आणि त्यातले काही बघतात, म्हणजे कडेचा जेमतेम एखादा टक्का प्रत्यक्ष नजरेखालून जातो. माझ्या भाषेत सांगायचं तर हजार पानांच्या पुस्तकातली दहा पानं वाचून 'चुका नाहीत' असा शेरा मारायचा. बऱ्याच गाठींना तेवढं पुरतं, कारण त्या गोलमटोल असतात, एकसंध असतात. जिची बोटं कुठेही जातात तिला पुरत नाही.

माझ्या काढलेल्या तुकड्याला, तो घड्याळाची तबकडी धरला तर बारा वाजताच्या जागी, एक टाका घातला होता, खूण म्हणून. बाजू निळ्या, लाल, हिरव्या शाईने रंगवलेल्या. सोबत खांद्याचं हाताने काढलेलं चित्र. पहिल्या फेरीचा रिपोर्ट आला तो 'तीन ते पाच वाजेपर्यंतच्या भागात, खालच्या बाजूला गाठ शिल्लक' असा. आयुष्यभर मी पानाच्या समासात खुणा करत आले, 'इथे ओळ राहिली', आणि आता माझ्याच खांद्याच्या समासात कोणीतरी खूण करून पाठवली होती. हसू आलं मला, त्या अवस्थेतही. मग फक्त तेवढाच भाग, तीन ते पाच, पुन्हा काढला. दुसऱ्या फेरीत सगळं स्वच्छ. या गाठीला ताबडतोब गोठवून बघण्यापेक्षा नीट मेणात बसवून सीडी-३४ लावून बघणं बरं पडतं म्हणून प्रत्येक फेरीला दोनतीन दिवस लागले, तोपर्यंत जखम उघडी, वर ड्रेसिंग. झोप नीट लागायची नाही, पण दुखलं फार असं नाही म्हणणार मी. आधी जी पाच टाक्यांत संपली होती ती जखम शेवटी तळहाताएवढी झाली आणि मांडीची कातडी लावावी लागली. पहिल्याच वेळी तुकडा लॅबला गेला असता तर कदाचित याच्या निम्मीही झाली नसती.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण त्याचं उलटं झालं. त्याच्याकडे फेकायला गाठच नव्हती. उजव्या हाताच्या अनामिकेचं नख, बाहेरून बघायला काही नाही, अगदी नीट बघितलं तर बुडाशी निळसर झाक. पण गार पाण्याखाली हात गेला की हा माणूस किंचाळायचा. दाराच्या कडीला नख लागलं की दहा मिनिटं बोट मुठीत धरून बसायचा. चार वर्षं! मानेची नस, सांधे, अगदी 'मनाचं आहे' इथपर्यंत सगळं सांगून झालं. मग हाताच्या एका सर्जननी बॉलपेनचं टोक घेतलं आणि नखावर एकेक जागा दाबत गेले. इथे? नाही. इथे? नाही. इथे, आणि भाऊ खुर्चीतून उठलाच. टाचणीच्या डोक्याएवढी जागा, तिथेच जिवाच्या आकांताने दुखतं आणि मिलिमीटरभर बाजूला काहीच नाही. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला, रक्त थांबलं तसं दाबल्यावरचं दुखणं गेलं, सोडला तसं परत आलं. ग्लोमस ट्यूमर. बोटाच्या टोकाला तापमान सांभाळणाऱ्या ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्यांची काही मिलिमीटरची निरुपद्रवी गाठ. नख उचलून काढली, चार वर्षांचं दुखणं त्या दिवशी संपलं. निदानाला लागलं काय, तर एक बॉलपेन आणि बीपीचं मशीन. आणि हो, तो मिलिमीटरचा कण पण लॅबला गेला, मी उभी राहून फॉर्म भरून घेतला.

जरा विषय सोडून, पण धंद्याची खोड जात नाही म्हणून, त्वचारोगांची नावं ज्याने कोणी ठेवली त्याला प्रूफरीडर मिळायला हवा होता. मायकोसिस फंगॉइड्स हा फंगस नाहीच मुळी, तो रक्तातल्या टी-पेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे, कातडीत वस्ती करणारा. १८०६ साली आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी बघितला, गाठी अळंबीसारख्या दिसल्या आणि तसंच नाव पडलं, दोनशे वर्षं कोणी दुरुस्त केलं नाही. पायोजेनिक (म्हणजे पू करणारा) ग्रॅन्युलोमा म्हणतात त्यात पूही नाही आणि ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींची गाठ, तीही नाही, रक्तवाहिन्यांचा फुगवटा आहे, हात लागला की भळाभळा रक्त येतं. त्यातली गंमत, गंमत कसली, धोका असा की रंग नसलेला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, कधीकधी हुबेहूब तस्साच दिसतो, लाल, ओला, रक्ताळणारा. म्हणजे 'हा काय, नुसता मांसाचा कोंब' म्हणून जाळून टाकला आणि तपासला नाही तर काय गेलं ते कधीच कळणार नाही.

आणि मायकोसिस फंगॉइड्सचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं तो इसबासारखा, सोरायसिससारखा, नायट्यासारखा दिसतो. कमरेखाली, जिथे ऊन लागत नाही अशा जागी चट्टे. मलम लावलं की फिके पडतात, थांबवलं की येतात. पहिल्या बायोप्सीत कित्येकदा काही सापडतच नाही, परत घ्यावी लागते, तिसऱ्यांदाही. आणि बायोप्सीच्या आधी दोनचार आठवडे स्टिरॉइडचं मलम बंद ठेवावं लागतं नाहीतर मलमानेच पुरावा पुसला जातो. साध्या नायट्याचंही तेच, स्टिरॉइड चोपडून चोपडून तो असा काही वेश पालटतो की ओळखू येत नाही, डॉक्टरांनी त्याला वेगळं नावच ठेवलंय, टिनिया इनकॉग्निटो. म्हणून ओळखीच्याने दिलेली, मागच्या वेळची उरलेली ट्यूब लावू नका हो. मी पण लावली होती, खांद्यावर, दोन महिने.

यावर कोणी म्हणेल मग सरसकट कापा आणि पाठवा. तसंही नाही. पायोडर्मा गँग्रिनोसम म्हणून एक रोग आहे, पायावर पुळी येते, दोन दिवसांत फुटून जखम होते, कडा जांभळ्या आणि आतून पोखरलेल्या, आणि वेदना जखमेच्या मानाने भयंकर. दिसतं इन्फेक्शन. म्हणून सर्जन जखम खरवडून साफ करतात, आणि ती दुप्पट होते. अजून साफ करतात, अजून वाढते. कारण तिथे जंतू नसतातच, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उठलेली असते आणि प्रत्येक टोचणीला ती अजून चिडते. त्याला सुरीपेक्षा स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती शांत करणारी औषधं लागतात. तिथेही कडेचा छोटा तुकडा बहुतेक वेळा घेतातच, बाकीचं काही नाही ना हे बघायला. याच्या उलट भाजल्याचा वीसतीस वर्षं जुना व्रण, त्यात अचानक न भरणारी जखम झाली तर लोक म्हणतात जुनंच आहे, चिघळलं असेल. तिथे कॅन्सर होऊ शकतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. तिथे बायोप्सीला उशीर करायचा नसतो.

लोकांना अजून एक भीती असते, मलाही होती, की तुकडा घेतला तर पसरेल. डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले त्वचेच्या गाठींमध्ये, अगदी मेलॅनोमातही, योग्य रीतीने घेतलेल्या बायोप्सीने रोग वाढत नाही. उलट मेलॅनोमाचं पुढचं सगळं गणित तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर असतं, ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरांनी १९७० मध्ये हे मोजमाप दाखवून दिलं, आणि ते मोजायला पूर्ण जाडीचा तुकडाच लागतो. वरवर खरवडून किंवा लेझरने जाळून टाकलं तर मोजणार काय? ब्यूटी पार्लरमध्ये आणि कुठेकुठे 'तीळ काढून मिळतील' म्हणतात तिथे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

माझी विनंती अशी, की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्या पाच लक्षणांच्या शेजारी एक छोटी चौकट द्या. दोनतीन महिन्यांत न बरी होणारी कुठलीही पुळी, चट्टा, जखम, रंग कुठलाही असो, दाखवा. नखावर काळी रेघ आली आणि रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर लगेच दाखवा, मार लागल्याचं रक्त समजून बसू नका. गाठ काढणार असतील तर काढायच्या आधी विचारा, तुकडा लॅबला जाणार ना? कुठल्या बाटलीत जाणार हेही विचारा, कारण नेहमीच्या तपासणीला फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण, लागतं पण अंगावर फोड येणाऱ्या काही रोगांसाठी जी चमकणाऱ्या रंगाची तपासणी करतात तिचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की फुकट गेला. रिपोर्टची कॉपी स्वतःजवळ ठेवा. आणि तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, ब्लॉक म्हणतात तो, लॅबमध्ये बरीच वर्षं जपलेला असतो, दुसऱ्या डॉक्टरांना शंका आली तर त्यातूनच नव्या स्लाइड काढून परत बघता येतं, पेशंटला परत कापायला नको. मी माझ्या खांद्याचे, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो काढून ठेवलेत, दर तीन महिन्यांचे, तारखेसकट. पट्टी ठेवल्याशिवाय फोटोला काही अर्थ नाही, जवळून काढला की सगळंच मोठं दिसतं.

माझी पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, दर सहा महिन्यांनी असते. डॉक्टर भिंग बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी खांदा चाचपतात, मांडीची कातडी लावली त्याच्या कडेकडेने, बारा वाजल्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं पूर्ण गोल. तीन ते पाचच्या मधे जरा जास्त वेळ थांबतात. मी पण थांबते.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. लेखात दुसऱ्या कॉलममध्ये 'मेलॅनोमा' एका ठिकाणी 'मेलॅनिमा' छापलं गेलंय. आणि 'बायोप्सी' तीन प्रकारे लिहिलंय.